पाणी वाहतं, शरीर घडतं

सातारा

चि. ऋचा,


तुझं पत्र पोचलं. दहावीची परीक्षा संपली तरी पुस्तकं माळ्यावर न टाकता तू त्यातलाच एक प्रश्न मला विचारलास, याचा मनापासून आनंद झाला. "बाळाचं शरीर कसं घडणार हे सगळं डीएनएमध्ये लिहिलेलं असतं असं बाईंनी सांगितलं. मग हृदय डावीकडे असतं हेही कुठेतरी लिहिलेलं असणार. ते नेमकं कुठे?" कॉलेजात मी वर्षानुवर्षं भ्रूणविज्ञान शिकवलं, पण हा प्रश्न विचारणारी मुलं फार थोडी भेटली. म्हणून उत्तर सविस्तर लिहिते आहे. सावकाश वाच.

डीएनएमध्ये डावी बाजू कुठेही नोंदलेली नाही. ती ठरते वाहत्या पाण्याने. डावी-उजवी बाजूच नव्हे, तर हृदयाच्या झडपा, रक्तवाहिन्यांची जाडी, फुप्फुसांचा आकार यांतही वाहत्या किंवा दाबाखालच्या द्रवाचा हात असतो. हा द्रव भ्रूणाला नुसतं भिजवत नाही, त्याला घडवतो. आपल्या पाठ्यपुस्तकांत याला चार ओळीही मिळत नाहीत, ही मला मोठी उणीव वाटते.

आधी अडचण नीट समजून घे. बाहेरून आपण डावी-उजवीकडे सारखेच दिसतो, आत मात्र तसं नसतं. हृदयाचं टोक डावीकडे, यकृत उजवीकडे, प्लीहा डावीकडे. उजव्या फुप्फुसाचे भाग तीन, डाव्याचे दोन. भ्रूणाला डोकं आणि शेपटी कुठे, पाठ आणि पोट कुठे, हे आधी कळतं. पण या दोन दिशा ठरल्या तरी उरलेल्या दोन बाजूंपैकी डावी कोणती हे ठरवायला काहीतरी मुळातच एका अंगाला वळलेलं लागतं. तसं काय आहे, हे कोडं पिढ्यानपिढ्या सुटत नव्हतं.

धागा सापडला तो आजारी माणसांकडून. काही माणसांचे आतले सगळे अवयव आरशातल्यासारखे उलट बाजूला असतात. १७८८ मध्ये लंडनच्या मॅथ्यू बेली या डॉक्टरांनी अशा एका देहाचं वर्णन लिहून ठेवलं. साधारण दहा हजारांत एक माणूस असं असतं, आणि त्यांतले बरेच जण ठणठणीत असतात. छातीचा एक्स-रे काढेपर्यंत त्यांना स्वतःलाही पत्ता नसतो. पण १९३३ मध्ये झुरिकच्या मानेस कार्टागेनर यांनी काही रुग्णांमध्ये तीन गोष्टी एकत्र नोंदवल्या: नाकाच्या पोकळ्यांना कायमची सूज, फुप्फुसांतल्या श्वासनलिका रुंदावून त्यांत साचणारा कफ, आणि उजवीकडचं हृदय. वाहणारं नाक आणि हृदयाची जागा यांचा काय संबंध? चाळीसहून अधिक वर्षं कुणाला सांगता आलं नाही.

स्वीडनमधले ब्योर्न आफ्झेलिउस इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या पक्ष्माभिका पाहण्यात आयुष्य घालवलेले शास्त्रज्ञ. पक्ष्माभिका म्हणजे पेशीच्या अंगावरचे केसासारखे बारीक तंतू. श्वासनलिकेत त्या सतत हलून कफ वर ढकलतात, आणि शुक्राणूची शेपटीही त्याच घडणीची असते. त्यांना हलवतं ते डायनीन नावाचं प्रथिन. ज्यांचे शुक्राणू जागचे हलत नाहीत अशा काही पुरुषांचे नमुने आफ्झेलिउस यांनी तपासले, तेव्हा डायनीनचे छोटे हात त्या तंतूंवर नव्हतेच. या माणसांपैकी काहींना कार्टागेनर यांनी वर्णिलेला आजारही होता. १९७६ मध्ये आफ्झेलिउस यांनी धाडसाचं अनुमान मांडलं: भ्रूणातही कुठेतरी अशा पक्ष्माभिका असल्या पाहिजेत आणि त्यांच्या हलण्यानेच अवयवांची बाजू ठरत असली पाहिजे. त्या हलल्या नाहीत तर बाजू दैवावर पडेल, निम्म्यांचं हृदय डावीकडे आणि निम्म्यांचं उजवीकडे जाईल. ज्यांच्या पक्ष्माभिका जन्मतः हलत नाहीत त्यांची आज मोजदाद केली, तर जवळजवळ निम्मे लोक उलट बाजूचेच निघतात.

इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवते. जन्मल्यापासून बारमाही वाहणारं नाक आणि ओला खोकला, आणि त्यात एक्स-रेमध्ये हृदय उजवीकडे, असं मूल कधी पाहण्यात आलं तर "सर्दीचा कोठा आहे" म्हणून सोडून द्यायचं नाही. त्याला छातीच्या डॉक्टरांकडे न्यायचं. वेळीच कळलं तर फुप्फुसं पुष्कळ वाचवता येतात.

तुझ्या प्रश्नाला सर्वांत थेट भिडणारा पुरावा मला जुळ्यांचा वाटतो. हा आजार असलेल्या एकसारख्या जुळ्या भावंडांमध्ये एकाचं हृदय डावीकडे आणि दुसऱ्याचं उजवीकडे, अशी नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. दोघांचा डीएनए तोच, आई तीच, गर्भाशय तेच. बाजू जनुकांत लिहिलेली असती तर असं झालं नसतं.

आफ्झेलिउस यांच्या अनुमानातली हलणारी पक्ष्माभिका भ्रूणात प्रत्यक्ष काय करते, हे दाखवलं जपान्यांनी. साधारण आठवडाभराच्या उंदराच्या भ्रूणावर, पोटाच्या बाजूला, एक उथळ खळगा असतो. त्याची रुंदी आपल्या केसाच्या जाडीएवढी. त्यात दोनशेच्या वर पेशी, प्रत्येकीला एकेक पक्ष्माभिका, आणि वर पातळ द्रवाचा थर. टोकियो विद्यापीठात नोबुताका हिरोकावा यांच्या प्रयोगशाळेत शिगेनोरी नोनाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या द्रवात चमकणारे सूक्ष्म मणी सोडले. सगळे मणी उजवीकडून डावीकडे वाहत गेले. पक्ष्माभिका सेकंदाला सुमारे दहा फेऱ्या मारत होत्या, आणि समोरून पाहिल्यास सगळ्या घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. ज्या उंदरांत एका जनुकाच्या बिघाडामुळे या पक्ष्माभिका उगवतच नाहीत, त्यांत प्रवाह नव्हता आणि हृदयाचं वळण कधी डावं तर कधी उजवं. हा शोध १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. तो निबंध मी पुन्हापुन्हा वाचला होता. इतक्या लहानशा जागी आपलं इतकं मोठं काही ठरतं, हे मनात मुरायला मला वेळ लागला.

आता इथे तुझ्यासारख्या चौकस मुलीला खटकलं पाहिजे. तंतू गोल फिरला तर पाणीही गोल फिरेल. ते एका दिशेने का वाहील?

त्यासाठी पाण्याकडे पक्ष्माभिकेच्या मापाने पाहावं लागतं. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये मँचेस्टरमध्ये काचेच्या नळीत रंगाची धार सोडून प्रवाहाचा अभ्यास केला. त्यातून एक आकडा आला, ज्याला आपण रेनॉल्ड्स अंक म्हणतो. प्रवाहात वेगाचा जोर किती आणि चिकटपणाचा जोर किती, याचं ते गुणोत्तर. कृष्णेत पोहणाऱ्या माणसासाठी तो दहा लाखांच्या घरात असतो. पाच मायक्रोमीटर लांबीच्या पक्ष्माभिकेसाठी तो एकाच्या हजाराव्या भागाच्या आसपास येतो. म्हणजे आपल्याला जे पातळ पाणी वाटतं ते तिच्यासाठी गुऱ्हाळातली काकवी आहे. हात मारणं थांबवलं की आपण पाण्यात थोडे पुढे सरकत राहतो. तिथे तसं नाही. ढकलणं थांबलं की त्याच क्षणी सगळं थांबतं. एडवर्ड पर्सेल या नोबेल मिळवलेल्या भौतिकशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये या जगावर एक व्याख्यान दिलं. अशा द्रवात नुसती पुढे-मागे सारखीच हालचाल केली तर काहीच साधत नाही, गेलेलं अंतर तसंच परत येतं, असं त्यांनी त्यात दाखवलं होतं.

मग पक्ष्माभिका काय करते? ती सरळ उभी नसते. भ्रूणाच्या शेपटीकडे जरा कललेली असते. त्यामुळे फेरीच्या अर्ध्या भागात ती खळग्याच्या तळालगत सरपटते आणि उरलेल्या अर्ध्यात उंच उठून फिरते. तळालगतचा द्रव तळाला धरून असतो, तो फारसा हलत नाही. उंच उठलेली फेरी मात्र द्रवाला ढकलते, आणि कल शेपटीकडे व फिरणं काट्यांच्या दिशेने असल्यामुळे ते ढकलणं डावीकडे होतं. डोकं-शेपटी आधी ठरलेली, पाठ-पोट ठरलेलं, आणि फिरण्याची दिशा डायनीनच्या घडणीतून आलेली. सजीवांच्या प्रथिनांतली अमायनो आम्लं स्वतःच एका अंगाची असतात, म्हणून तंतू सगळे एकाच दिशेने फिरतात. जनुकांनी हे यंत्र बनवलं, यात वाद नाही. पण त्या यंत्राच्या गोल फिरण्यातून 'डावीकडे' ही दिशा निघते ती चिकट द्रवाच्या नियमांमुळे, आणि ते नियम कुठल्याही जनुकात नाहीत.

पक्ष्माभिका कललेली असते हे आधी कागदावर कळलं, सूक्ष्मदर्शकाखाली नंतर दिसलं. २००४ मध्ये स्पेनमध्ये काम करणाऱ्या ज्युलियन कार्टराइट, ओरेस्ते पीरो आणि इदान तुवाल या तिघांनी द्रवगतिकीची समीकरणं मांडून सांगितलं की उभ्या तंतूंपासून असा प्रवाह होऊच शकत नाही, ते शेपटीकडे कललेले असलेच पाहिजेत. पुढच्याच वर्षी जपानमधल्या दोन गटांनी पाहिलं, आणि ते खरोखर कललेले होते.

तरीही कुणी म्हणेल, प्रवाह असेल, पण तो कारण कशावरून? कदाचित बाजू आधीच ठरत असेल आणि प्रवाह नुसता सोबत असेल. याला उत्तर २००२ मध्ये मिळालं. नोनाका तेव्हा ओसाका विद्यापीठात हिरोशी हमादा यांच्या गटात होते. त्यांनी उंदरांचे भ्रूण एका लहान पेटीत ठेवून त्यांच्यावरून पंपाने द्रव वाहता केला. निरोगी भ्रूणावरून उलट दिशेचा, उजवीकडे जाणारा जोरदार प्रवाह सोडला, तर त्याची बाजू उलटली. ज्यांच्या पक्ष्माभिका हलतच नव्हत्या अशा भ्रूणांना बाहेरून डावीकडे जाणारा प्रवाह दिला, तर त्यांची बाजू बरोबर ठरली. जनुकाला हातही न लावता, बिघडलेल्या जनुकाचं काम पंपाने केलं. प्रयोग म्हणतात तो असा. पुढे त्याच परंपरेतल्या शास्त्रज्ञांनी असंही दाखवलं की उंदरात दोन फिरत्या पक्ष्माभिकासुद्धा बाजू ठरवायला पुरतात.

खळग्याच्या कडेच्या पेशींना प्रवाह कळतो कसा, यावर बराच काळ वाद होता. प्रवाहाबरोबर काही रसायन डावीकडे साचतं असं एक मत, तर कडेच्या स्थिर पक्ष्माभिका प्रवाहाने वाकतात आणि त्या वाकण्याने पेशीला कळतं असं दुसरं. २०२३ च्या आरंभी दोन गटांनी, एकाने उंदरावर आणि दुसऱ्याने झेब्राफिश या छोट्या माशावर, प्रकाशकिरणांच्या चिमट्याने एकेक स्थिर पक्ष्माभिका वाकवून दाखवली, आणि पेशीने प्रवाह लागल्यासारखाच प्रतिसाद दिला. त्यामुळे दुसरं मत आता पुष्कळ भक्कम झालं आहे. त्यानंतर डाव्या कडेच्या पेशींत कॅल्शियम वाढतं, नोडल नावाचं जनुक डावीकडे जागं होतं आणि पुढचा सगळा संसार जनुकं सांभाळतात.

निसर्गाने हे सगळीकडे असंच केलं आहे असं मात्र समजू नकोस. कोंबडीच्या आणि डुकराच्या भ्रूणात असा प्रवाह नाही. कोंबडीत त्या जागच्या पेशी स्वतःच डावीकडे सरकतात, हे २००९ मध्ये दिसलं. असं का, याचं पटणारं उत्तर अजून मला कुठे वाचायला मिळालेलं नाही.

पण त्याच कोंबडीकडे आता वळू या, कारण प्रवाहाची दुसरी गोष्ट तिच्या अंड्यातच दिसते. आमच्या प्रात्यक्षिकांत तीन दिवस उबवलेल्या अंड्याच्या कवचाला चौकोनी खिडकी पाडायची असे. पिवळ्या बलकावर तळहातावरच्या शिरांहूनही नाजूक लाल रेषा आणि मधोमध उडणारा लाल ठिपका. अडीच हजार वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटलनेही अंडी फोडून हाच ठिपका पाहिला आणि लिहून ठेवला. मुलं तो पाहून गप्प होत. एकदा एका मुलाने विचारलं, "मॅडम, एवढ्याशा जिवाला रक्त फिरवायची काय गरज?" खरंच नसते. इतक्या लहान देहात प्राणवायू नुसत्या झिरपण्यानेही पोचतो. हृदय मात्र दुसऱ्याच दिवशी, पुरतं घडण्याच्या आधीच, धडधडायला लागतं. माणसाच्या गर्भात हे चौथ्या आठवड्यात होतं. गरज नसताना ही धडधड कशासाठी?

एक उत्तर झेब्राफिशने दिलं. हा आपल्याच उपखंडातल्या ओढ्यांतला मासा, भ्रूण काचेसारखा पारदर्शक, आणि रक्त न फिरतासुद्धा काही दिवस जगणारा. कॅलिफोर्नियात मोरी घारीब या द्रवगतिकीच्या अभियंत्याने आणि स्कॉट फ्रेझर या जीवशास्त्रज्ञाने जे होव्ह यांच्यासह एक प्रयोग केला, तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. भ्रूणाच्या हृदयात रक्त शिरण्याच्या किंवा निघण्याच्या वाटेवर त्यांनी काचेचा अतिसूक्ष्म मणी बसवला. हृदय धडधडत राहिलं, पण रक्त वाहिना. त्या हृदयाचं वळण नीट झालं नाही, पुढचा कप्पा तयार झाला नाही, झडपा बनल्या नाहीत. मणी बसवूनही प्रवाह न अडलेल्या माशांची हृदयं मात्र व्यवस्थित होती. म्हणजे इजेचा दोष नव्हता. झडप ही रक्ताला उलट जाऊ न देण्यासाठी असते हे तू शिकली आहेस. ती झडप घडते मुळात वाहणाऱ्या रक्ताच्या घासण्यामुळे, हे आता त्याला जोडून घे.

आईच्या पोटातल्या बाळांतही याची सावली दिसते. काही बाळांत महारोहिणीची झडप फार अरुंद असते. डाव्या कप्प्यातून रक्त जेमतेम जातं आणि तो कप्पा खुरटत जातो. जगात काही ठिकाणी निष्णात डॉक्टर गर्भातच सुईतून फुगा नेऊन ती झडप रुंद करतात, हेतू हा की रक्त वाहावं आणि कप्पा वाढावा. सगळ्याच बाळांत यश येत नाही, पण काहींत येतं.

रक्तवाहिन्यांची कथा याहून जुनी आहे. रिशार्ट थोमा या जर्मन वैद्याने १८९३ मध्येच कोंबडीच्या भ्रूणाचा अभ्यास करून सांगितलं होतं की ज्या वाहिनीत रक्ताचा वेग जास्त ती रुंदावते, आणि जिच्यात तो मंदावतो ती आकसते. अमेरिकेत चॅपमन यांनी १९१८ मध्ये कोंबडीच्या भ्रूणातून हृदयच काढून टाकलं. बारीक वाहिन्यांची जाळी तरीही विणली गेली, पण तिच्यातून मोठी खोडं आणि फांद्या काही उभ्या राहिल्या नाहीत. जाळी जनुकं विणतात, त्यातल्या कुठल्या धाग्याने मोठं व्हायचं हे रक्त ठरवतं. २००४ मध्ये ल नोब्ल, आइशमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर भ्रूणातली एक रोहिणी बांधून तिच्यातला प्रवाह बदलला, आणि ती नीला होऊन गेली, जनुकांच्या खुणांसकट. रोहिणी कोण आणि नीला कोण हेही तिथे वाहणाऱ्या रक्तावर ठरत होतं.

यात थोडं गणित आहे, ते सोडवून पाहा. नळीच्या भिंतीवर वाहत्या द्रवाचं घासणं प्रवाहाच्या समप्रमाणात आणि त्रिज्येच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतं. प्रवाह तोच ठेवून त्रिज्या निम्मी केली तर घासणं किती पट होईल? आठ पट. वाहिनीच्या आतल्या पेशींना हे घासणं कळतं. ते वाढलं की वाहिनी रुंदावते, आणि घासणं पूर्ववत होईपर्यंत रुंदावत राहते. सेसिल मरे यांनी १९२६ मध्ये वेगळ्या वाटेने हिशोब केला की शरीराची ऊर्जा कमीत कमी खर्च व्हायची तर मोठ्या वाहिनीच्या त्रिज्येचा घन हा तिच्या शाखांच्या त्रिज्यांच्या घनांच्या बेरजेएवढा असावा. बऱ्याच वाहिन्या या नियमाच्या जवळपास असतात. पेशीला घनमूळ येत नाही. ती फक्त आपल्यावरचं घासणं सारखं राखते आणि हिशोब आपोआप जमतो. याहून सुंदर काही मी प्राणिशास्त्रात शिकवलं नाही.

हे घासणं रक्त घडवायलाही लागतं. रक्ताच्या मूलपेशी भ्रूणात महारोहिणीच्या भिंतीतूनच सुटून निघतात. २००९ मध्ये बोस्टनच्या दोन गटांनी दाखवलं की रक्त वाहिलं नाही तर त्या नीट उगवत नाहीत. पुढे जन्मभर रक्त पुरवणाऱ्या पेशी, आणि त्यांना जागं करतो तो आधीच वाहणारा रक्ताचा लोंढा.

फुप्फुसांचं थोडक्यात लिहिते. "बाळाभोवतीचं पाणी कमी झालंय" हे वाक्य तू घरात कुणा ना कुणाच्या बाळंतपणात ऐकलं असशील. डॉक्टर त्याने इतके सावध का होतात? गर्भात फुप्फुसं स्वतः द्रव पाझरतात आणि त्या द्रवाच्या दाबानेच फुगत, वाढत जातात. बाळ पोटात श्वासाच्या हालचालीही करतं. हवा नसते, द्रव असतो. भोवतालचं गर्भजल फार लवकर आणि फार कमी झालं तर फुप्फुसांतला द्रव टिकत नाही आणि ती लहानच राहतात. नंतरच्या महिन्यांत हे गर्भजल बहुतांशी बाळाच्या लघवीतूनच येतं, म्हणून जन्मतः मूत्रपिंडं नसलेल्या बाळांची फुप्फुसंही खुरटलेली असतात. एडिथ पॉटर यांनी १९४६ मध्ये अशा बाळांचं वर्णन केलं. मूत्रपिंडाचा दोष फुप्फुसात उमटतो तो या पाण्यावाटे.

इतकं वाचल्यावर एक काळजी घे. कुणी या संशोधनाचा आधार सांगून गर्भसंस्काराच्या वर्गात अमुक संगीताने किंवा अमुक पाण्याने बाळाचं हृदय नीट घडतं असं सांगू लागलं, तर विश्वास ठेवू नकोस. माणसात डावी-उजवी बाजू ठरते ती गर्भाच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, कित्येक बायकांना दिवस गेल्याचं कळण्याच्याही आधी. आईने काय ऐकलं, काय प्यायली, कोणत्या कुशीवर निजली, याचा त्या खळग्यातल्या प्रवाहाशी संबंध नाही. उजवीकडे हृदय असलेलं मूल झालं म्हणून सुनेला बोल लावणारी माणसंही मी पाहिली आहेत. तो निव्वळ अन्याय आहे, आणि शिकलेल्या मुलीने तिथे तोंड उघडलं पाहिजे.

तसंच, जनुकांना कमी लेखायचंही कारण नाही. पक्ष्माभिका, डायनीन, वाहिनीतल्या पेशींची घासणं ओळखण्याची शक्ती, हे सगळं जनुकांतूनच येतं. तुझ्या बाई चुकीचं सांगत नाहीत. मात्र जनुकांनी बनवलेल्या पेशी पाणी हलवतात, हललेलं पाणी पेशींना ढकलतं, आणि त्या ढकलण्याने पुन्हा कोणती जनुकं जागी व्हायची ते ठरतं. एवढं त्यांच्या वाक्यात वाढवलं पाहिजे. बाईंना हे पत्र दाखव. त्यांना आवडेल असं मला वाटतं.

आणि आता माझं खरं म्हणणं. तुझी आई फोनवर म्हणाली की अकरावीला तू बी ग्रुप घेणार आणि गणित सोडणार, कारण जीवशास्त्राला गणित कुठे लागतं. वर मी ज्यांची नावं लिहिली त्यांकडे परत पाहा. रेनॉल्ड्स अभियंता, पर्सेल भौतिकशास्त्रज्ञ, घारीब द्रवगतिकीचा माणूस, आणि पक्ष्माभिका कललेली असणार हे समीकरणांतून सांगणारे ते तिघे. आमच्या पिढीत प्राणिशास्त्राच्या वर्गात गणिताचं नाव काढलं की मुलं कंटाळायची, आणि आम्ही शिक्षकही ते टाळायचो. त्याने आमच्या विषयाचं नुकसान झालं. आज पुण्याच्या आयसरमध्ये, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भौतिकी आणि जीवशास्त्राची माणसं एकाच आवारात काम करतात. तिथे जायचं तर दोन्ही भाषा यायला हव्यात. अभ्यास जड जाईल, हे मला ठाऊक आहे. तरी जीवशास्त्राबरोबर गणितही घे. अर्ज भरायच्या आधी मला फोन कर, आणि अवघड वाटेल तो धडा घेऊन दिवाळीत साताऱ्याला ये. आपण दोघी मिळून सोडवू.

तुझी,
माईआजी